नुन्झियाताच्या खाटेखालची बरणी

दार उघडलं आणि रुज्जेरोची सकाळची कॉफी थेट घशाशी आली.

"शी! ताई, आपण समुद्रावर सुट्टीला आलोय ना? हे काय नाकात घुसतंय?"

त्याच्या ताईने, ओर्तेन्सियाने, साधा रुमालही काढला नाही. नेपल्समध्ये खासगी हेर म्हणून आयुष्य काढलेली बाई ती. सुट्टीतही मेली सवय जाते कुठे?

वास त्या पाहुणेघराच्या तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या म्हाताऱ्या नुन्झियाताच्या खोलीतला होता. पाहुण्यांदेखत घरमालक जेरार्दोने म्हातारीच्या खाटेखालून बरणी ओढली, झाकण उघडून आत पाहिलं आणि घाईघाईने परत लावलं.

"सडकी मांदेली! पाहुणे पळायला लागलेत, मावशी. उद्या नगरपालिकेचा माणूस खोली तपासायला येतोय. खोली सोडावी लागेल तुला."

"मी नाही रे ठेवली," म्हातारी एवढंच म्हणाली. आई गेलेल्या जेरार्दोला तिने याच खोलीत मांडीवर वाढवलं होतं.

ओर्तेन्सिया आधी शेजारच्या मासेवाल्याकडे गेली. साबातीनो फिस्कारलाच.

"भांडण आहे आमचं, नाही कशाला म्हणू? गच्चीवर वाळणाऱ्या तिच्या कपड्यांचं पाणी माझ्या मासळीवर पडतं! पण मासळी नासवीन? हात झडतील माझे! अहो, इथलं पोर चालायच्या आधी मांदेली खारवायला शिकतं. हा जेरार्दो तिच्याच शेजारी बसून साफ करायचा."

जेरार्दोची बायको लुदोविका समुद्रापासून दूरच्या मिलानची. कमरेला साऱ्या घराच्या चाव्या लावून ती अंगणात बसली होती, अर्धं लिंबू नखांना चोळत.

"मी? मासळीला बोटसुद्धा लावत नाही मी. ओकारी येते. पण खोली झकास आहे हो! खिडकीत अख्खा समुद्र. पाहुणे रांग लावतील."

"बिचारीला खरंच त्रास होतोय," रुज्जेरो कुजबुजला. ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

संध्याकाळी अंगणातल्या टेबलावर, सगळ्यांसमोर, ओर्तेन्सियाने बरणी परातीत उलटी केली. करडा, बुळबुळीत लगदा, आणि त्यातून बघणारे बारीक डोळे. रुज्जेरो कठड्याकडे धावला.

"डोकी बघा," ती म्हणाली. "खारवण्याआधी इथे चिमटीने डोकं खुडतात, आतडंही त्याबरोबर निघतं. नाहीतर मासळी नासते. नुन्झियाता झोपेतही हे चुकणार नाही."

"साबातीनोने मुद्दाम केलं असेल," तोंड पुसत रुज्जेरो म्हणाला.

"अरे वेड्या, तिच्यावर आळ घालायचा तर त्याने तिच्यासारखीच रचली असती. डोकी खुडून, फक्त नासावी म्हणून मीठ कमी घालून. हे काम मासळी कधी साफ न केलेल्या हाताचं आहे. त्या हाताकडे खोलीची चावीही आहे. आणि मासळीला बोट न लावणारी बाई नखांचा वास लिंबाने घालवते?"

लुदोविकाने मान उडवली. "मग? एवढी सोन्यासारखी खोली एका म्हातारीने अडवून ठेवायची?"

"लुदो, तू?" जेरार्दो ओरडला. "मला काय ठाऊक!"

"गप बस!" ओर्तेन्सिया कडाडली. "झाकण तू उघडलंस. डोकी तुला दिसली. ही मावशीची मासळी नाही, हे तुला तिथेच कळलं. तरी तिला बाहेर काढायला निघालास. उद्या नगरपालिकेच्या त्या माणसाला हे सगळं मी सांगणार आहे."

जेरार्दो नुन्झियाताकडे वळला. सडक्या मासळीने आली नव्हती एवढी किळस रुज्जेरोला आता आली.

"मावशी..."

नुन्झियाताने रिकामी बरणी उचलून त्याच्या हातात दिली.

"घ्या, मालक, तुमची आहे. आणि मावशी नका म्हणू. भाडेकरू आहे मी."