पडद्यावरची चित्राहुती

समईची वात थोडी पुढे सारा, म्हणजे सांगतो.

दोन हजार दोन साली सर्वपित्री अमावास्या रविवारी आली होती. मी तेव्हा जर्मनीत रेगेन्सबर्गला लेकीकडे, ऊर्मिलाकडे, राहत होतो. तिथे रविवारी दुकाने बंद, म्हणून आदल्या दिवशीच जावई गौरांग याच्यासह काळे तीळ आणायला गेलो. परतताना जुन्या वस्तूंचा बाजार लागला. तिथे त्याने माझ्यासाठी एका चित्रपटाची डीव्हीडी घेतली. महायुद्धानंतरच्या काळात इंग्रजांनी थोडक्या पैशांत उरकलेली खुनाची कथा. कृष्णधवल, आणि वर जर्मन आवाज चढवलेले.

अमावास्येला सकाळी तर्पण केले. वडील, आजोबा, पणजोबा, सर्वांना तिलोदक दिले. एक नाव मात्र दरवर्षीप्रमाणे गाळले, पद्माकरकाकांचे. ते पन्नास वर्षांपूर्वी विलायतेस गेले आणि पुढे त्यांची खबर थांबली. बारा वर्षांनी शास्त्राप्रमाणे दर्भाचा पुतळा करून दहन करावे, असे घरचे म्हणाले, तेव्हा सरलाकाकू उंबऱ्यात आडवी बसली होती. मिरजेच्या घरी ती अजूनही ठसठशीत कुंकू लावीत असे. तिच्या हयातीत काकांच्या नावाने पाणी सोडणे म्हणजे तिचे कुंकू माझ्या हाताने पुसणे होते.

दुपारी जेवणे झाल्यावर गौरांगने खिडक्यांचे रोलाडेन, म्हणजे बाहेरचे गुंडाळते पडदे, खाली ओढले. भर दिवसा खोलीत दाट काळोख उतरला. सकाळच्या धुपाचा आणि खिरीचा वास त्यात कोंडून राहिला.

“आल्झो, खुनी कोण ते मी सांगणार नाही, बाबा,” गौरांग सवयीने जर्मन शब्द पेरत म्हणाला. “पण त्याने दार जरा हळू लावायला हवं. भिंत हलते बघा!”

“अहो, बघू द्या ना त्यांना,” ऊर्मिला म्हणाली. “तुमच्याहून तो खुनी कमी बोलतो.”

खरोखरच भिंत हलत होती. बंदरातले धुके रंगवलेल्या पडद्याचे होते. खुनी एका खाणावळीत शिरला, आणि त्याच्या पाठीमागच्या मेजाशी एक सावळा माणूस बसलेला दिसला. त्याच्यापुढे पाव आणि उकडलेले बटाटे होते. त्याने उजव्या तळहातात पाणी घेतले, ताटाभोवती फिरवले, आणि उजवीकडे चित्राहुतीचे लहान लहान घास ओळीने मांडले. मग एक घास वेगळा काढून ताटाच्या वर ठेवला.

चित्राहुती पुष्कळ घरांत घालतात. परंतु तो वरचा घास फक्त आमच्या घराण्यात काढतात. घरचे जे माणूस दूर असेल त्याच्यासाठी. काकू तो रोज काढीत होती.

“मागे घे,” मी म्हणालो.

पुन्हा पाहिले. भुवया माझ्या वडिलांच्या होत्या. त्याने पहिला घास उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि दृश्य तुटले. पुन्हा पाहिले. पुन्हा तेथेच तुटले.

“रस्त्यावरून माणसं धरून आणायचे तेव्हा, बाबा. गर्दी दाखवायला,” गौरांग हलक्या आवाजात म्हणाला.

पुढच्या खेपेस त्या माणसाने घास ओठांशी धरला... आणि माझ्याकडे पाहिले.

जग हा बाहुल्यांचा खेळ आहे, सूत्र हलविणारा एकच, असे जन्मभर कीर्तनात ऐकले होते. खेळ संपल्यावर बाहुली पेटीत जाते, तिची सुटका होते. परंतु जिला कोणी पेटीत ठेवलेच नाही, तिने काय करावे? पाणी द्यावे तर काकूचे सौभाग्य जाते. न द्यावे तर हा भुकेला जीव असाच घास धरून बसणार. हा निर्णय माझा नव्हता. मी मिरजेस फोन लावला. तिकडे दिवेलागण झाली असावी.

“काकू, मी जयंता. आज काका दिसले. एका जुन्या सिनेमात... ताटावर बसलेले.”

तिने आधी एकच विचारले.

“जेवले का?”

“नाही... घास उचलतात, आणि पुढे काही नाही.”

“म्हणजे उपाशीच. मी इतकी वर्षं घास काढते रे. पोचलाच नाही म्हणायचा... दे पाणी. नाव घेऊन दे.”

“काकू, तुझं कुंकू...”

“ते माझं मी बघीन. त्यांना आधी जेवू दे.”

सज्जात दक्षिणेस तोंड करून बसलो. जानवे उजव्या खांद्यावर घेतले. काकांचे नाव आणि गोत्र उच्चारले. अंगठ्याच्या बाजूने तिलोदक ताम्हनात पडले. मन निवले, असे वाटले.

आत येऊन तेच दृश्य पुन्हा लावले. खुर्ची मागे सरकवलेली होती. ताट स्वच्छ होते. काका नव्हते. मी हात जोडले.

“बाबा...” ऊर्मिलाने माझी बाही धरली. “ते दारात कोण आहेत?”

खाणावळीच्या काचेच्या दारामागे, जेथे मघाशी रंगवलेले धुके होते, तेथे माणसे उभी होती. आपल्याकडची. भिजलेले खलाशी, हातांत टोप्या. त्यांतला एक आत आला, त्या रिकाम्या ताटाशी बसला, आणि त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मागची रांग धुक्यात कोठवर गेली होती, ते दिसत नव्हते.

“हे मघाशी नव्हतं,” गौरांग पुटपुटला. त्याने डीव्हीडी बंद केली नाही. तसे करावे, असे आम्हा कोणाच्याही मनात आले नाही.

ज्यांच्या मागे कोणी नाही, ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठीही शास्त्राने पाणी सांगितले आहे. मी पुन्हा सज्जात बसलो. ऊर्मिला तांब्यामागून तांब्या आणून देत होती, मी सोडीत होतो. ऊन भिंतीवरून उतरून गेले.

“बाबा, ताम्हन भरून सांडेल आता,” ती म्हणाली, आणि वाकून पाहताच तिने तांब्या खाली ठेवला.

मी ताम्हनात बोटे फिरवली. तळाशी तिळांचा जाड थर साचला होता. पाणी नव्हते. तीळही कोरडे होते.