सव्विसावं काडतूस

निशिकांतने फोन टेबलावर ठेवला आणि दीप्तीकडे सरकवला. पडद्यावर एक फोटो होता. पांढऱ्या कागदावर बंदुकीचं रिकामं काडतूस, लाल प्लास्टिकची नळी, तळाला पितळेची टोपी, शेजारी मोजपट्टी.

"शुक्रवारी संध्याकाळी सिंगापूरच्या हद्दीवर, वुडलँड्स चेकपॉइंटच्या स्कॅनरमध्ये हे माझ्या बॅगेत दिसलं," तो म्हणाला. "मी ठेवलेलं नाही. फोटो वकिलांनी मिळवलाय. पासपोर्ट पोलिसांकडे आहे आणि मी जामिनावर."

अमेय खिडकीशी बसला होता. निशिकांत त्याचा पुण्याच्या कॉलेजातला रूममेट, आणि त्याला दीप्तीकडे अमेयनेच आणलं होतं. दीप्ती आधी आठ वर्षं प्रयोगशाळेत रसायनं तपासायची. मग तिने खासगी तपासाचा परवाना काढला आणि क्वीन्सटाउनला दुकानांच्या वरच्या मजल्यावर दोन खुर्च्यांचं ऑफिस थाटलं. अमेयची कंपनी तिथून पाच मिनिटांवर होती. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन तिच्याकडे यायचा आणि तिच्या कामात न मागता मतं द्यायचा.

"रिकामं काडतूस म्हणजे कचराच की," तो आताही म्हणाला.

"इथे परवान्याशिवाय रिकामंही जवळ ठेवता येत नाही," दीप्ती म्हणाली. तिने फोटो मोठा केला. टोपीच्या कडेला बारीक गोल खाच होती आणि खाचेत काहीतरी पिवळट अडकलं होतं.

"गंज," अमेय म्हणाला.

"पितळेवर चढतं ते हिरवट किंवा काळपट. हे पिवळंधमक आहे." तिने फोन खाली ठेवला. "पहिल्यापासून सांगा, निशिकांत."

निशिकांत यंत्रांची मापं तपासणारा इंजिनिअर. दर दुसऱ्या शुक्रवारी तो बसने मलेशियातल्या जोहोरच्या कारखान्यात जायचा आणि संध्याकाळी परतायचा. परतताना बॅग दर वेळी स्कॅनरमधून जायची. सात ऑक्टोबरला ती बिनबोभाट गेली. एकवीसला त्याला बाजूला घेतलं.

"काडतूस बॅगेत नेमकं कुठे होतं?"

"कामाच्या हत्यारांच्या पाउचमध्ये, आतल्या झिपच्या कप्प्यात. तो कप्पा मी सहसा उघडतच नाही."

"आणि काडतूस येतं कुठून तुमच्याकडे?"

निशिकांतने मान खाली घातली. "तिथेच तर अडचण आहे. जानेवारीत मी न्यूझीलंडला नोकरीवर जाणार आहे. मुलाखतीला ऑगस्टमध्ये गेलो होतो. तिथे माझा शाळेतला मित्र विवेक दुधाच्या डेअरीवर असतो. त्याच्या कुरणात सशांचा सुळसुळाट आहे, रविवारी सगळे बंदूक घेऊन निघतात. मला ते आवडलं. तिकडे गेल्यावर परवाना काढून एक साधी, स्वस्त, न अडकणारी पंप-अ‍ॅक्शन, म्हणजे पुढची मूठ ओढून भरायची बंदूक घ्यायची असं ठरवलं. लॅपटॉपवर तक्ता केला. तो पोलिसांना मिळाला."

"तुझा तक्ता!" अमेय म्हणाला. "मिक्सर घ्यायचा तरी हा सतरा रकाने करतो."

"मला दाखवा," दीप्ती म्हणाली.

तक्ता खरोखर सतरा रकान्यांचा होता. तीन बंदुका, तिन्ही बारा बोअरच्या. पहिली नवी, सगळ्यात स्वस्त, पण सुटे भाग मिळतील याची खात्री नाही. दुसरीला मुठीला जोडलेली सरकदांडी एकच. मूठ जरा तिरकी ओढली की अटकते. तिसरी जुनी, विवेकच्या शेजाऱ्याची. दोन सरकदांड्या, लाकडावर ओरखडे, नळीला थोडा गंज, पण कुठल्याही दुकानात भाग मिळतात. तिच्यापुढे शेरा होता: 'स्वतः चालवली. २५ बार. मूठ अर्धवट ओढल्याने एकदा अटकली, चूक माझी. रिकामी काडतुसं उजवीकडे गवतात उडतात. गाईंनी प्लास्टिक खाऊ नये म्हणून विवेक मोजून गोळा करतो. बादलीत २५.'

शेवटी आणखी एक ओळ होती: 'विवेकच्या सासऱ्यांची दुनळी. मधून मोडून उघडते, रिकामी काडतुसं हाताने काढावी लागतात. दोनच बार. नको.'

"दुनळी तुम्ही चालवलीत?"

"नाही. नुसती उघडून पाहिली."

"कोण होतं बरोबर?"

"विवेक आणि आमच्या कंपनीतला पद्माकर. त्यालाही त्याच नोकरीसाठी बोलावलं होतं." निशिकांतने फोन खिशात टाकला. "मिळाली मला."

तो गेल्यावर अमेय म्हणाला, "झालं. पद्माकर."

"किंवा?"

"किंवा त्याची बायको, सुचित्रा. तिला इथलं हॉस्पिटल सोडायचं नाहीये. खटला झाला की न्यूझीलंडचा व्हिसा गेला, बंदुकीचा परवाना गेला, आणि इथला कामाचा पासही."

"म्हणजे नवऱ्याला तुरुंगात घालून ती इथे राहणार?"

अमेयने डब्याचं झाकण लावलं.

सुचित्रा नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. कँटीनमध्ये तिला वीस मिनिटं मिळाली.

"मला जायचं नाहीये, हे खरं," ती सरळ म्हणाली. "पण नको असतं तर मी 'नाही' म्हटलं असतं. मला तेवढं तोंड आहे. अमेयला विचारा."

"आहे," अमेय म्हणाला.

"पाउच घरी कुठे असतो?" दीप्तीने विचारलं.

"हॉलच्या कपाटात. त्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे आम्ही दोघं तरी."

"घरी तिसरं कोण?"

"सासूबाई. सप्टेंबरपासून आल्यात. माझं स्वयंपाकघर त्यांनी आठ दिवसांत ताब्यात घेतलं." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "खरं सांगू? त्या आहेत म्हणून घर चाललंय. दसऱ्याचे दोन्ही दिवस मी ड्युटीवर, निशिकांत ऑफिसात. त्यांनी एकटीने सगळं केलं. आता न्यूझीलंडसाठी गरम कपडे धुऊन बांधून ठेवतायत. जाणं होईल की नाही देव जाणे."

"पोलिसांचं कळल्यावर काय म्हणाल्या?"

"त्यांना नाही सांगितलं. बीपी आहे त्यांना. पासपोर्ट नूतनीकरणाला दिलाय असं सांगितलंय. तुम्हीही बोलू नका हं."

दीप्तीने वहीत काहीतरी लिहिलं. परतताना एमआरटीच्या गाडीत अमेयने डोकावून पाहिलं. पानावर एकच शब्द होता, 'दोन्ही', आणि त्याखाली रेघ.

पद्माकर संध्याकाळी अलेक्झांड्राजवळच्या कॉफीशॉपमध्ये भेटला. त्याने कोपी, इथली गोड कॉफी, मागवली आणि ती ढवळतच राहिला.

"निशिकांतची नोकरी गेली तर दुसरं नाव माझंच आहे, हे तुम्हाला कळलंच असेल," तो म्हणाला. "म्हणून मी त्याच्या पाउचमध्ये काडतूस टाकीन?"

"तुम्ही त्या दिवशी बंदूक चालवलीत?"

"छे. मी आपला कुडकुडत बघत होतो. ऑगस्ट म्हणजे तिकडे थंडी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शेवटी निश्याने त्याचं जॅकेट दिलं. तो म्हणे पंप ओढून ओढून घामाघूम झालाय."

"जॅकेट परत कधी दिलंत?"

"तिथेच, विमानतळावर. त्याने मोठ्या बॅगेत कोंबलं." पद्माकर जरा सैलावला. "आणि खरं सांगू, मला ते प्रकरण झेपणारं नाही. आवाज केवढा! रिकामं काडतूससुद्धा हाताला केवढं गरम लागतं."

"हो का," दीप्ती म्हणाली आणि उठली. "उद्या संध्याकाळी सात वाजता टॅम्पिनीसला, निशिकांतच्या घरी या. याच."

बाहेर आल्यावर अमेय म्हणाला, "तू त्याला काही विचारलंच नाहीस!"

"त्याने न विचारताच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर पोचताना अमेयला दारावर झेंडूचं वाळकं तोरण दिसलं. निशिकांतची आई, अरुणाकाकू, दारातच म्हणाल्या, "ये रे अमेय, वाळलास किती! आणि ही कोण? बस गं. साबुदाण्याचे वडे तळतेय." आणि त्या आत गेल्या. पाठोपाठ पद्माकर आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकला.

दीप्तीने पाउच मागितला. काडतूस आणि बॅग पोलिसांकडे होती, पण हत्यारं नोंद करून परत दिलेली होती. तिने एकेक काढून वर्तमानपत्रावर मांडलं. पेचकस, डायल गेज, स्टीलचं व्हर्नियर. व्हर्नियरच्या खाचेत पिवळी रेघ होती.

"ग्रीज असेल," निशिकांत म्हणाला.

"सतरा रकाने करणारा माणूस माप घ्यायच्या खाचेत ग्रीज ठेवतो?"

त्याने व्हर्नियर उजेडात धरलं. "नाही. मी पुसूनच ठेवतो. जोहोरला व्हर्नियर काढलंही नव्हतं."

"सुचित्रा, कपडे धुवायचा साबण वाटीभर पाण्यात घोळवून आणता?"

वाटी आली. दीप्तीने कापसाचा बोळा बुडवून पिवळ्या रेघेवर दाबला. बोळा उचलला तेव्हा तो लालसर झाला होता.

"हळद," सुचित्रा पुटपुटली. "डाग धुताना अशीच लाल होते."

"व्हर्नियरवर हळद?" अमेय म्हणाला. "कोण लावेल?"

"तूच सांग. पुण्याला तुझ्या घरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय करायचे?"

अमेयला एकदम आठवलं. खंडेनवमी. बाबांची स्कूटर, आईची कात्री, त्याची कंपासपेटी, सगळ्यांवर हळद-कुंकू.

"आता पहिल्यापासून," दीप्ती शांतपणे म्हणाली. "निशिकांतच्या पंपाची पंचवीस काडतुसं उडाली, पंचवीस बादलीत गेली. हे सव्विसावं. पंप-अ‍ॅक्शन रिकामं काडतूस स्वतःच लांब गवतात फेकते. ते हातात येतच नाही, मग गरम लागेल कसं? दुनळी मात्र मोडून उघडावी लागते, आणि काडतूस आपल्या बोटांनी काढावं लागतं. काढलेलं कुठे ठेवणार? खिशात. पद्माकर, तुमच्या अंगात त्या दिवशी जॅकेट निशिकांतचं होतं."

पद्माकरचा चेहरा उतरला. "एकच बार केला," तो अखेर म्हणाला. "निश्या हात धुवायला आत गेला होता तेव्हा. काडतूस गरम लागलं म्हणून खिशात टाकलं. नंतर ते आठवलंच नाही. निश्याला पकडल्यावर आठवलं. मी बोललो असतो तर माझाही पास..." 

"हरामखोरा, पाच दिवस!" निशिकांत उठला. अमेयने त्याला खांदा धरून बसवलं.

"चूक तिथे झाली, अपराध नाही," दीप्ती म्हणाली. "जॅकेट मोठ्या बॅगेतून घरी आलं आणि कपाटात पडून राहिलं. सात तारखेला पाउच स्वच्छ होता. दहाला खंडेनवमी. एकवीसला काडतूस सापडलं. खंडेनवमीच्या आधी कोणीतरी गरम कपडे धुवायला काढले आणि खिसे तपासले. पितळेची टोपी असलेली नळी मिळाली. इंजिनिअर मुलाच्या यंत्राचा भाग असणार, म्हणून तीही हत्यारांबरोबर पाटावर मांडली. हळद वाहिली, आणि हरवू नये म्हणून झिपच्या कप्प्यात नीट ठेवली. त्या दोन्ही दिवशी घरात एकच माणूस होतं."

"आई?" निशिकांतचा आवाज खाली आला. "पण मग ती बोलली का नाही?"

"तिला कोणी विचारलं? तुम्ही पोलिसांना, वकिलांना, मला, सगळ्यांना हा फोटो दाखवलात. फक्त जिला ओळखता आला असता तिच्यापासून लपवलात."

स्वयंपाकघरातला तळण्याचा आवाज थांबलेला होता. अरुणाकाकू पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या. किती वेळ, ते कोणालाच कळलं नव्हतं.

"बघू," त्या म्हणाल्या.

दीप्तीने त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला.

"हेच. जॅकेटच्या डाव्या खिशात होतं. मी म्हटलं, मशीनचं काही असेल." त्या निशिकांतकडे वळल्या. "यासाठी तुझा पासपोर्ट गेला?"

"आई, तू आधी बस. तुला बीपी..."

"बीपीचं औषध सकाळीच घेतलंय. ते पोलिस स्टेशन किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"चोवीस तास, काकू," अमेय म्हणाला. "पण आधी वकिलांना फोन करू."

"कर. मी साडी बदलून येते." खोलीत जाता जाता त्या पद्माकरपाशी थांबल्या. "तू येतोयस ना रे? की तुलाही बीपी आहे?"

पद्माकर उभा राहिला. "येतो, काकू."

पोलिसांनी खाचेतल्या कणांची तपासणी केली, तिघांचे जबाब घेतले, विवेककडून पत्र मागवलं. नोव्हेंबरच्या शेवटी निशिकांतला लेखी ताकीद आणि पासपोर्ट, दोन्ही एकाच दिवशी मिळाले. पद्माकरलाही ताकीद मिळाली. त्याचा पास वाचला. निशिकांत त्याच्याशी डिसेंबरपर्यंत बोलला नाही.

जानेवारीत निघण्याआधी त्याने दीप्तीला तक्ता पाठवला. शेजाऱ्याच्या जुन्या पंपापुढे 'हीच' असं लिहिलं होतं. अमेयने खालपर्यंत वाचलं आणि हसायला लागला. अठरावा रकाना नवा होता. मथळा: 'घरी आल्यावर खिसे कोण तपासणार?' आणि सगळ्या ओळींत एकच उत्तर: 'आई. आणि काही झालं तर आधी तिलाच विचारायचं.'