पलीकडची उशी

या, जरा जवळ सरकून बसा. मन दोन घटका इकडे ठेवा. आज सांगते ती गोष्ट ऐकीव नाही. देवाला स्मरून सांगते, यातला शब्द न् शब्द घडलेला आहे, आणि घडला तेव्हा मी तिथे होते.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात. ही भर दुपारची आहे. खिडकीत ऊन होतं, खाली रस्त्यावर रहदारी होती, शेजारी कुणाचा तरी मिक्सर चालू होता.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

माझी मावशी, आईच्या पाठची. हाडं काचेची झालेली, पण जीभ अजून धारदार. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. ती दोन खोल्यांत एकटीच राहायची. सकाळी एक बाई यायची, तिला जेवू घालून दुपारी जायची. संध्याकाळी दुकान बंद करून मी यायची. मधला वेळ मावशी आणि तिचं नामस्मरण.

तिचा मुलगा, आमचा दादा, दुसऱ्या शहरात असतो. आईने घराला कुलूप लावून आपल्याकडे यावं, हा त्याचा धोशा. मावशीचं उत्तर ठरलेलं. "इथून मी आडवी होऊनच निघेन."

शेवटी तह झाला. गादीखाली एक यंत्र बसवायचं. पातळ पट्टीच ती. पलंगावर माणूस आहे की नाही, श्वास कसा चाललाय, झोप लागलीय की नाही, सगळं दादाच्या आणि माझ्या मोबाईलवर दिसणार. सगळं ठीक दिसलं तर मावशी घरी राहील. कमीजास्त दिसलं तर तिचा बाडबिस्तरा हलणार.

मावशीने त्या यंत्राचं नाव 'सासूबाई' ठेवलं. म्हणाली, पहिली सासू निदान झोपायची तरी. ही दिवसरात्र कान लावून बसते आणि माझ्याच लेकाकडे चुगल्या करते.

आम्ही हसलो.

पण थोड्याच दिवसांत सासूबाईंची पहिली चुगली आली.

मावशी रात्रभर जागी... आणि दिवसभर गाढ झोपेत.

रोज तेच. सकाळी उजाडलं की श्वास संथ व्हायचा. अंधार पडला की यंत्र सांगायचं, झोप नाही.

दादाचा फोन आला. मावशी म्हणाली, मी रात्री छान झोपते रे, दिवसा तर खुर्चीत बसून जप करते. मग दादा फोनवर मला एकटीला म्हणाला की आईला आता कळेनासं झालंय, यंत्राला खोटं बोलून काय मिळणार आहे? मलाही ते पटलं. मोबाईलवर रेघा स्पष्ट दिसत होत्या.

डॉक्टरांनी त्या रेघा पाहिल्या आणि झोपेची गोळी दिली.

मावशी कुरकुरली, पण घेऊ लागली. घर सोडावं लागू नये म्हणून. दिवसा तिचा तोल जाऊ लागला. बोलताना शब्द जड येऊ लागले. जपाची माळ हातातून निसटायची. आम्ही म्हटलं, वयच झालंय.

आणि ती दुपार आली.

मी दुकानात शिलाई मशीनवर बाही जोडत होते. मोबाईल वाजला.

'पलंग रिकामा आहे.'

उठली असेल, म्हणून मी काम चालू ठेवलं. लगेच पुन्हा वाजला.

'पलंगावर व्यक्ती आहे.'

मग रिकामा... मग व्यक्ती आहे... मग पुन्हा रिकामा...

थांबेचना.

मावशीला पलंगावरून उठायचं म्हणजे आधी कूस, मग कोपर, मग देवाचा धावा, मग कुठे पाय जमिनीला. आणि इथे कुणीतरी झटक्यात उठत होतं. बसत होतं. पुन्हा उठत होतं. दाराशी जाऊन परत यावं तसं.

मी चपला न घालता धावले.

माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. हाक मारली. उत्तर नाही. आतल्या खोलीत गेले.

पलंग रिकामा. चादर ताठ. दोन्ही उशा जागच्या जागी. पंखासुद्धा बंद.

आणि माझ्या हातात मोबाईल वाजला...

'पलंगावर व्यक्ती आहे.'

मी त्या पलंगाकडे बघत उभी होते हो. तिथे कुणी नव्हतं.

तेवढ्यात न्हाणीघरातून कण्हण्याचा आवाज आला.

मावशी ओल्या फरशीवर पडली होती. अंग बर्फासारखं. नळ वाहतच होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या. गोळीची गुंगी, म्हणाले.

दादा आला, आईचे पाय धरून रडला. तिला घरी आणल्यावर त्याने यंत्र बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. इतके कसे वेड्यासारखे निरोप आले, ते बघायला.

त्या माणसाने गादी उचलली आणि बोट दाखवलं.

पट्टी गादीखालीच होती, पण पलीकडच्या उशीशी. काकांच्या बाजूला.

विजेचा सॉकेट तिकडेच. मावशीचा चष्मा, औषधं, पाणी, सगळं तिकडच्या, जपाच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर. त्याला वाटलं, बाई इकडेच झोपतात. मावशी अजून काकांच्या उशीला दर आठवड्याला धुतलेला अभ्रा घालते, हे त्याला कोण सांगणार? आणि त्या बाजूला तिने कधी पाय पसरलेला नाही.

त्याने पट्टी दाबून पाहिली, सोडून पाहिली. चोख. यंत्रात काहीच बिघाड नव्हता.

मग इतके दिवस आम्ही बघत होतो तो श्वास...

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. मावशी मात्र उशाला टेकून शांत होती.

"मी सांगत नव्हते, मी रात्री झोपते म्हणून?" ती म्हणाली. "तुम्ही मशीनला विचारत बसलात. मला एकदा विचारलं असतंत, तर सांगितलं असतं दिवसा इथे कोण झोपतं ते."

काकांनी जन्मभर कारखान्यात रात्रपाळी केली. उजाडलं की घरी येऊन झोपायचे.

त्या माणसाने पट्टी हलवू का विचारलं. दादाने मान हलवली. राहू दे, म्हणाला, आईच्या बाजूला दुसरी बसव. गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. आईला घेऊन जायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

आता माझ्या मोबाईलवर दोन रेघा दिसतात. मावशीची रात्री संथ होते. परमेश्वराची कृपा.

काकांच्या बाजूची मात्र...

मावशी पडली त्या दुपारपासून ती रेघ एकदाही संथ झालेली नाही. दिवसाही नाही, रात्रीही नाही. मावशी दवाखान्यात होती, घराला कुलूप होतं, तेव्हाही नाही. मी हे मावशीला सांगितलेलं नाही. दादा आणि मी एकमेकांशीही बोलत नाही यावर.

एवढंच मागते. देवापुढे हात जोडाल तेव्हा माझ्या काकांची आठवण ठेवा. त्यांना घटकाभर झोप लागू दे म्हणा.