जयसिंगपूरचा टाक

जयसिंगपूरहून आलेल्या एका पत्राला गणपतरावांनी उत्तर दिलं नव्हतं.

हे घडलेलं आहे. कुणाला खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे. मंगळवार पेठेतलं त्यांचं घर अजून उभं आहे. साल २००७, मार्च महिना. आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची, लोडशेडिंगची.

गणपतरावांचा जन्म वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात गेला. निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवरून जुन्या वस्तू मागवायचा नाद लागला. पहिलं 'शिवकालीन' नाणं हाताला काळा रंग लावून गेलं. 'पेशवाई' समईवर साच्याची रेघ निघाली. पेठेत हसं झालं.

म्हणून चांदीचा टाक दिसला तेव्हा ते सावध होते. देव्हाऱ्यात पूजतात तो चेहरा ठोकलेला पत्रा, कुणाच्या तरी पूर्वजाचा. त्यांनी पाठीमागचे फोटो मागवले. हातानं ठोकल्याच्या खुणा होत्या. आणि पुढं नाक... पुसून पुसून पार सपाट झालेलं.

नकली माल करणारा चेहरा ठसठशीत ठेवतो. इतकी झीज नकली नसते.

टाक आला. पाठोपाठ पत्र आलं.

'पुतण्यानं तुमास्नी फसवलंय. टाक खोटा हाय. पैसं परत देतो. पंचगंगेत सोडा, पण घरात ठेवू नका. बायडाबाई.'

गणपतराव दुखावले. आयुष्यात एकदा खरी वस्तू हाती लागली, तर ही ती नदीत सोडायला सांगते! त्यांनी टाक देव्हाऱ्यात ठेवला. वडिलांच्या टाकाशेजारी.

दुसऱ्या दुपारी लाईट गेली. पंखा थांबला.

आणि देव्हाऱ्यातून आवाज आला...

घास... घास... राखेनं भांडं घासावं तसा.

"उंदीर असंल," त्यांच्या पत्नी शालूबाई म्हणाल्या.

उंदीर नव्हता. पण रोज दुपारी पंखा थांबला, की तोच आवाज.

एका सकाळी पूजेला बसलेल्या शालूबाई ओरडल्या, "अहो, ह्या पावण्याला नाक कुठनं आलं?"

गणपतरावांनी चष्मा लावला. सपाट चेहऱ्यावर नाक उमटलं होतं. कोवळं, टोकदार.

"काल नीट बघितलं नसंल आपण."

"मी रोज पुसतोय, मला शिकवू नका. आन् हे बघा... मामंजींचं नाक गेलं की हो!"

वडिलांचा टाक गुजरीतल्या सोनाराकडून घडवून आठ वर्षंही झाली नव्हती. त्यावरच्या मिशाही पुसट झाल्या होत्या.

त्यांनी जयसिंगपूरचा टाक डब्यात घालून कपाटात कोंडला. दुपारी आवाज कपाटातून आला.

संध्याकाळी त्यांची नजर भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडं गेली.

फेटा होता. उपरणं होतं. मधे...

मधे काहीच नव्हतं.

"सोडून या नदीत," शालूबाई म्हणाल्या. "ती बाई सांगतीय की."

आयुष्यात कुणाला मोठ्यानं न बोललेले गणपतराव ताडकन उठले. "न्हाय! खोटा असता तर सोडला असता. खरा हाय तो. नदीत गावला तर उद्या दुसऱ्याच्या घरात शिरंल. ज्याचा माणूस, त्यानं सांभाळावा!"

मग कपाटासमोर उभं राहून म्हणाले, "पावणं, जेवढं घेतलासा तेवढं बास. माझ्या बापाची उरलीसुरली मिशीसुद्धा द्यायची न्हाय मी!"



मग... आतून कुणीतरी खाकरलं. अगदी वडील खाकरायचे तसं.

 गणपतराव मागं सरले नाहीत. तिथंच बसून त्यांनी पत्र लिहिलं.

'बायडाबाई, टाक खोटा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. नदीत सोडणार नाही. रविवारी घेऊन तुमच्या दारात येतो. दार उघडलं नाहीत तर उंबऱ्यावर ठेवून जाईन. तुमच्या देव्हाऱ्यात कुणाकुणाला चेहरे उरलेत, तेवढं बघून ठेवा.'

शालूबाई म्हणाल्या, "सकाळी टाका की."

"आत्ताच."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज नीट ऐकला.

मग दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचा चेहरा चाचपला... आणि हात खाली घ्यायचा धीर त्यांना बराच वेळ झाला नाही.