बारीक कामाचा उजेड

विकायच्या घरांचे फोटो काढणं ही काही कला नव्हे, असं ती स्वतःच म्हणायची. दलालाचा फोन यायचा, पत्ता मिळायचा आणि ती कॅमेरा नि फ्लॅश खांद्याला अडकवून निघायची. खोली आहे त्यापेक्षा हातभर मोठी दिसली की दलाल खूश. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड किती खेचायचा तो आकडा, ती ऑटोवरच सोडून द्यायची. गॅलरीत लख्ख ऊन, बाथरूममध्ये मिट्ट काळोख. दर दाराशी आकडे फिरवत कोण बसणार? अंधार असला की कॅमेरा आपणहून आकडा चढवतो, उजेड असला की उतरवतो, राहिलेली कसर फ्लॅश भरून काढतो. बावीस वर्षांत ऑटोने तिला कधी तोंडघशी पाडलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी अकराला तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचं दार चाळिशीतल्या बाईने उघडलं. हातात चिकटपट्टीचं रीळ, केसांत धूळ. घरभर खोकी रचलेली.

"पसारा आहे हो. चालेल ना?"

"खोकी भिंतीला सरकवू. बाकी मी बघते."

बाहेरची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. मधल्या बोळात खिडकीच नव्हती. तिथे आकडा बत्तीसशेवर गेला. हे सगळं नेहमीचंच. ती मागच्या खोलीकडे वळली, तशी ती बाई, त्या घरची लेक, आडवी आली.

"आत बाबा आहेत." तिचा आवाज चिरकला. "उद्या ट्रक येणार, त्यांना माझ्याकडे न्यायचंय. पण ते त्या खुर्चीतून हलत नाहीत. म्हणतात, तुझी आई कामाला बसलीय, तिला सोडून कसा येऊ? आईला जाऊन आठ महिने झाले. परवा डोक्याच्या डॉक्टरांना दाखवणार आहे. फोटोपुरते बसू देत त्यांना, ओढाताण नको."

मागची खोली बोळापेक्षाही काळोखी. खिडकी होती, पण हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. छतातला बल्ब काढलेला. भिंतीशी जुनं लाकडी टेबल, त्याच्या कडेला दिवा घट्ट बसवायच्या पट्टीच्या खुणा, दिवा नव्हता. बाजूच्या खुर्चीत एक म्हातारे काका हात मांडीवर ठेवून बसले होते.

"या," ते म्हणाले. "जरा बेतानं. तिचा हात हलला की स्प्रिंग उडते."

"काय काम करायच्या काकू?"

"घड्याळं. मनगटावरची. आख्ख्या गावाची बंद पडलेली घड्याळं या टेबलावर यायची. तिला उजेड भारी लागायचा. मी आपला तिच्याच दिव्याच्या उजेडात पेपर वाचायचो. वेगळा दिवा कधी घेतलाच नाही."

ती हसली, कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं. फ्लॅश पुरता उडालाच नाही. नुसता लुकलुकला, मिणमिणत्या काजव्यासारखा. सेल उतरले असतील म्हणून तिने पडद्यावर पाहिलं.

आयएसओ शंभर.

भर उन्हात येतो तो आकडा. फोटो मात्र सुरेख आला होता. टेबलाच्या लाकडाची रेघन् रेघ दिसत होती, काकांच्या हातावरच्या शिरा दिसत होत्या. तिने मान वर केली. समोर काळोखच होता. काकांचा चेहरासुद्धा धड दिसत नव्हता.

तिने सेल बदलले. शंभर. भिंग पुसलं. शंभर. मग ऑटो काढून टाकलं आणि बोळातला बत्तीसशेचा आकडा स्वतःच्या हाताने लावला. फोटो भाजून निघाला, पांढराफटक, आणि टेबलापाशी तर कोऱ्या कागदासारखा.

कॅमेरा बिघडला, असं तिने मनाशी म्हटलं. बोळात जाऊन, ऑटो लावून पुन्हा फोटो काढला. बत्तीसशे. कॅमेऱ्याला काही झालेलं नव्हतं.

परत येऊन तिने पहिला फोटो मोठा करून पाहिला. फ्लॅश तिच्या हातात होता, म्हणजे काकांची सावली त्यांच्या मागे पडायला हवी. ती त्यांच्या उजवीकडे पडली होती. टेबलावरच्या दिव्याचा डाव्या अंगाने उजेड यावा, तशी.

 तिला पळून जावं असं वाटलं. पण काका तिच्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात भीती नव्हती; दमलेली आशा होती. आठ महिने कुणीच खरं मानलेलं नाही, अशा माणसाची.

"तुम्हालाही तिचा दिवा दिसतो ना?" त्यांनी विचारलं.

"मला नाही दिसत, काका." खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. "पण कॅमेऱ्याला दिसतोय."

काकांचे डोळे भरून आले. 

"मग मी गेल्यावर ती इथे एकटीच बसणार," ते म्हणाले. "रिकाम्या घरात. नवी माणसं येणार. ती तिला काय ओळखणार?"

 तेवढ्यात तिला एक गोष्ट सुचली, आणि धीर आहे तोवर ती तिने बोलून टाकली.

"काका, माझं एक ऐका. दोन मिनिटं बोळात येऊन उभे राहा."

ते कुरकुरले. मग टेबलाकडे पाहून "आलोच हं" म्हणाले आणि तिचा हात धरून उठले. बोळातल्या काळोखात तिने त्यांना भिंतीशी उभं केलं. खोक्यांआडून लेक पाहत होती. बटण दाबलं.

फ्लॅश नुसता लुकलुकला. शंभर.

तिने मागच्या खोलीत जाऊन एक फोटो काढला. फ्लॅश कडाडून उडाला. चौसष्टशे. चार भिंती, एक टेबल, एक खुर्ची. कुठल्याही घरातली असावी तशी खोली.

दोन्ही फोटो तिने काकांपुढे धरले. आकड्यांवर बोट ठेवून समजावलं. ते चष्मा कपाळावर चढवून पाहत राहिले.

"म्हणजे खोलीत नाही ती?"

"नाही."

"माझ्याबरोबर आली?"

तिने मान डोलावली. लेकीने तोंडावर हात ठेवला होता.

"वेडीच आहे," काका म्हणाले, आणि बायकोचं कौतुक करताना माणूस हसतो तसं हसले. मग लेकीला म्हणाले, "चल. माझी चप्पल कुठेय?"

डॉक्टरांना दाखवलं की नाही, हे तिला कळलं नाही. दलालाला तिने चौसष्टशेचा फोटो पाठवला. घर पंधरा दिवसांत विकलं गेलं.

महिन्याभराने लेकीचा फोन आला. बाबांचा तो बोळातला फोटो हवा होता, भिंतीवर लावायला.

"कसे आहेत काका?"

"छान आहेत. जेवतात, झोपतात. त्यांच्या खोलीतला दिवा पहिल्याच दिवशी गेला, वायरमन अजून येतोय. पण ते म्हणतात, काही अडत नाही. संध्याकाळी काळोखात बसून अख्खा पेपर वाचतात, आणि मला बातम्या सांगतात."

"आणि तुम्ही? बऱ्या आहात ना? आवाज किती खाली गेलाय. घसा बसलाय का?"



"नाही हो," लेक तशीच कुजबुजली. "मी त्यांच्याच खोलीत आहे. आत्ता मोठ्याने बोलून चालणार नाही, स्प्रिंग उडेल."