खोड्यातली रिकामी जागा

संध्याकाळच्या जेवणाआधी हुतात्म्यांच्या पुस्तकातलं एक पान छापून टाकायचं, एवढंच काम होतं. लेटिस लाकडी ठशावर शाई थापत होती. बाहेर लंडनचं धुकं. त्यामुळे शाईतल्या जवसाच्या जळक्या तेलाचा वास बाहेर न जाता छापखान्यातच तुंबून राहिला होता.

ठसा जुनाच. अंधारकोठडी, चार भोकांचा खोडा, दोन भोकांत एका कैद्याचे पाय, दोन रिकामी. जुन्या राणीच्या राज्यात धर्मापायी तुरुंगात मेलेल्या प्रत्येकाला ऑसवल्डकाका हेच चित्र लावायचा. खालच्या नावाचे खिळे, शिशाची सुटी अक्षरं, तेवढे बदलायचे. आज नाव होतं लेटिसच्या बापाचं. बार्नबी थ्रेल.

त्या राणीच्या काळात आधी काका पकडला गेला, मागोमाग त्याचा भाऊ बार्नबी. भाऊ तिथेच सडून मेला. काका आठवड्यात घरी आला आणि आता चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून पोरांना निष्ठा शिकवतो.

"काका, बाबांच्या शेजारी कोण होतं?"

"कोणी नाही. तोंड नको, हात चालव."

तिने छापयंत्राचा दांडा ओढला, ओला कागद सोलून वर धरला. चारही भोकांत पाय होते.

"शाई पसरलीय," म्हणत काकाने तो चुरगाळला.

"शाईला बोटं फुटतात होय?"

काकाने दुसऱ्या कुणाचं नाव बसवून छापलं. दोन भोकं रिकामी. पुन्हा बार्नबीचं बसवलं. पुन्हा चार पाय. तो मटकन स्टुलावर बसला.

"हे पान गाळू. बार्नबी पुस्तकात नको."

"बाबांना थडगंसुद्धा नाही. आता पुस्तकातूनही काढता?"

"पोरी... ते नावं विचारत होते. मी एकच सांगितलं..."

"कुणाचं?"

काकाची नजर ठशाखालच्या नावावर गेली. तिला कळलं ते कळलं. तिने नवा कागद लावला. काका अडवायला उठू गेला, पण पाय हलेनात. तिने दांडा ओढला. लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज झाला, आणि काकाच्या दोन्ही घोट्यांभोवती मोजे आत दबले. तिथे दिसत तर काहीच नव्हतं.

"लेटिस... दुखतंय. किती प्रती काढणार आहेस?"

"सगळ्या."

ती ओढत राहिली. काका आधी विनवत होता, मग नुसता कण्हत होता. एक कागद दोरीवर टाकताना मात्र तिचा हात थबकला.

ठशात कैदी मधोमध बसलेला होता. कागदावर तो भिंतीकडे सरकला होता, शेजाऱ्याला जागा करून दिल्यासारखा.