हनादीच्या गालावरचा चांद

‘माझिया लेकीच्या गाली चांद भरू दे,
नाईलच्या पल्याड त्याचं चांदणं पडू दे…’

हनादीला न्हाऊ घालताना तिची आई, रिहाबची ताई, हे गायची. तो आवाज रिहाबच्या कानात अजून होता. आज तीच ताई, अलविया, सुदानमधल्या ओम्दुर्मानला, लेकीच्या सासरच्या अंगणात, टाहो फोडत होती. आत हनादी पांढऱ्या कापडाखाली निजलेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

“हिनंच विष घातलं!” अलवियानं विहिणीकडे, हनादीच्या सासूकडे, नेमातबाईंकडे बोट केलं. “रिहाब, तू डॉक्टर. तसं लिहून दे, पोलीस दारात उभे आहेत.”

करोनानं दवाखाने बंद पाडलेले. मरणाचं कारण शोधायचं ते इथंच.

रिहाबनं कापड सारलं. चेहरा वाटोळा. हातपाय काटक्या. पोटावर जांभळे वळ.

“बघ, मारायचीसुद्धा!”

“मारानं कातडी अशी आतून उसवत नाही, ताई. नेमातबाई, ही कधीपासून आजारी?”

“या तुमच्या ताई येऊन गेल्या आणि पोरीनं अंथरूण धरलं. ओकाऱ्या, उठली की घेरी. ज्वारीची पेज पाजली, तीही ठरेना.”

“पेजेतच होतं ते!”

“पेज मीही प्यायले, बाई. मी मेले का?”

ओसरीवर हनादीचे वडील बशीर बसले होते. करोनातून नुकतेच उठलेले.

“भावजी, तुमची धाप कशानं थांबली?”

“अलवियानं गोळ्या आणल्या कुठून तरी.”

“कुठून? अख्ख्या बाजारात त्या संपल्यात.”

बशीर बायकोकडे बघत राहिले.

आत फळीवर हनादीची मेंदीची डबी होती. रिहाबनं उघडली. तळाशी एक तुटकी गोळी, चांदणीचा छाप असलेली.

“विष कुणी घातलं नाही,” ती म्हणाली. “नवरीचे गाल भरायला विकतात, ती ही गोळी. लग्नाआधीपासून तूच देत होतीस, ताई. ती घेत राहिलं की शरीर आपला जीवनरस करायचं विसरतं. तोंड चांदासारखं होतं, आणि आपण त्या आजाराला रूप म्हणतो. ही गोळी हळूहळू उतरवायची असते. एकदम तुटली की माणूसच तुटतो. आणि यंदा हीच करोनाच्या धापेवर चालते असं रेडिओनं सांगितलं… ही डबी कुणी रिकामी केली?”

अलवियाचा टाहो थांबला. ती लेकीच्या उशाशी बसली, थंड गालावर हात ठेवून.

“‘आई, थोड्या तरी ठेव,’ म्हणाली होती. ‘चुकल्या की हातपाय गळतात गं.’ मी हसले. म्हटलं, चांद तर झालीस, आता कशाला?”